स्टेटस लागलं, आता बॅग भरा : डोंगरातल्या मिशनमध्ये पहिलं वर्ष काढणाऱ्या ब्रदरांसाठी

दरवर्षी उन्हाळ्यात स्टेटस लागतं आणि माझा फोन वाजायला लागतो. "ब्रदर, तुम्ही तिकडं दोन वर्षं होतात ना? काय काय न्यायचं? लोक कसे आहेत?" नेटवर्क येतं का, हे विचारायला लाजतात, पण मनात पहिला प्रश्न तोच असतो. (येतं. टेकडीवरच्या सागाच्या झाडाखाली, वारा नसेल तर.) तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

ज्यांना स्टेटस म्हणजे व्हॉट्सअॅपचंच वाटतं त्यांच्यासाठी : येशूसंघात (जेझुइटांत) कुणाची नेमणूक कुठं, याची जी यादी प्रोव्हिन्शियलांकडून, म्हणजे आमच्या प्रांताच्या प्रमुखांकडून, निघते तिला आम्ही स्टेटस म्हणतो. आणि फिलॉसॉफी संपल्यावर, थिऑलॉजीला बसण्याआधी, साधारण दोन वर्षं प्रत्यक्ष कामात घालवायची असतात, ती रीजन्सी. फादर होईपर्यंत आम्ही ब्रदर. मी वसईचा. माझी रीजन्सी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात झाली. बोर्डिंगची मुलं, शाळेत मराठी आणि गणित, सुट्टीच्या दिवशी पाडे. आता पुण्यात थिऑलॉजी करतोय. खालचं बरंचसं सिस्टर लोकांना, धर्मप्रांताच्या (डायोसेसन) सेमिनेरियनना आणि वर्षभरासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांनाही लागू पडेल.

१. निघण्याआधी कागद गोळा करा

मी गिटार घेऊन गेलो आणि कागद घरी ठेवून गेलो. तुम्ही उलटं करा.

- आधार आणि पॅन, प्रत्येकी चार झेरॉक्स. झेरॉक्सचं दुकान तालुक्याला, आणि तिथं लाइट असेल तेव्हा.
- सुपिरिअरांच्या (मिशनच्या घराचे प्रमुख) सहीशिक्क्याचं नेमणुकीचं पत्र. तुम्ही कोण, कुठं राहता, काय काम करता, हे मराठीत. इंग्रजी पत्र कुणी वाचत नाही.
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. मुलांमध्ये काम करणाऱ्याकडे ते असायलाच हवं. अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो. राहत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतून, निघण्याच्या महिनाभर आधी करा.
- डिग्रीच्या मार्कशीट. शाळा मागते.
- दुचाकीचं लायसन्स. नसेल तर काढूनच जा. मिशनची मोटरसायकल चालवता न येणारा ब्रदर म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप.
- रक्तगट आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, पाकिटात.
- पासपोर्ट फोटो एक डझन.

आधारवरचा पत्ता बदलायच्या भानगडीत पडू नका. दोन वर्षांनी पुन्हा तोच खेळ.

२. बॅग : कमी न्या, पण हे न्याच

जूनमध्ये पोचाल, म्हणजे पावसात पोचाल. चामड्याचे बूट पहिल्या आठवड्यात ओले झाले की दसऱ्यापर्यंत वाळत नाहीत. प्लास्टिकच्या मजबूत सँडल घ्या, दोन जोड. पांढरा झगा एकच न्या. तो जून ते सप्टेंबर पांढरा राहणार नाही, हे मान्य करून टाका.

मच्छरदाणी न्या, आणि झोपायला खाट मागून घ्या (का, ते तब्येतीच्या भागात). दोन टॉर्च, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं, पॉवर बँक. पुस्तकं मोजकीच न्या, पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी धरते. माझ्या लॅटिनच्या डिक्शनरीला तर मिश्या फुटल्या होत्या. गिटार नेली तरी चालेल. मुलांना आवडते. तारा जास्तीच्या न्या.

आणखी एक, यादीत कुणी लिहीत नाही म्हणून : केस कापायची कात्री. बोर्डिंगमध्ये चाळीस डोकी असली की रविवारचा न्हावी तुम्हीच.

३. पहिल्या आठवड्यात कुणाला भेटायचं

सुपिरिअर आणि हेडमास्तर यांना भेटालच. पण घर चालतं स्वयंपाकाच्या मावशींवर. त्यांच्याशी जमलं तर दोन वर्षं सुखाची. माझ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ब्रदर, भाकर खाणार की चपाती लागल?" मी फुशारकीनं "भाकर" म्हटलं. नागलीच्या काळ्या भाकरीचा पहिला घास घशाखाली उतरायला अर्धा तांब्या पाणी लागलं. मावशी बघत होत्या. हसल्या नाहीत, पण पुढच्या वेळी भाकरीवर लसणाची चटणी जास्त आली.

मग आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई. कुठल्या घरात बाळंतपण जवळ आलंय, कुणाला ताप आहे, कुठल्या मुलीचं लग्न ठरतंय, हे त्यांना माहीत असतं. त्यानंतर पोलीस पाटील आणि सरपंच. वर सांगितलेलं पत्र घेऊन स्वतः जा. बोलावणं येईपर्यंत थांबू नका. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गावात नवा माणूस राहायला आला हे गावाला त्या माणसाच्या तोंडून कळलेलं बरं. ग्रामसभेला बसायला परवानगी मिळाली तर मागं बसा आणि बोलू नका.

शेवटचा महत्त्वाचा माणूस म्हणजे मुक्कामी एसटीचा कंडक्टर. रात्री गावात थांबणारी गाडी पहाटे सुटते. ती चुकली की दिवस गेला. नावानं ओळखणारा कंडक्टर दोन मिनिटं थांबतो.

राजकारणाचं एक. या जिल्ह्यात तलासरीजवळच्या झरी गावी १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. लाल बावट्याचा (कम्युनिस्टांचा) मान इथल्या अनेक घरांत त्या आठवणीतून आलेला आहे. त्यावर मत देण्याआधी म्हाताऱ्यांकडून तो इतिहास ऐका. शक्यतो मत देऊच नका.

४. दिवस कसा लागतो

पाचला उठणं, तासभर ध्यान, साडेसहाला मिस्सा, मुलांची आंघोळ आणि पाण्याची रांग, नाश्ता, अभ्यास, शाळा, खेळ, प्रार्थना, पुन्हा अभ्यास, जेवण, रात्रीची फेरी. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात सगळं पाण्याच्या मोटरवर अवलंबून. लाइट पहाटे तीनला आली तर तीनला उठून टाकी भरायची. ध्यानाला डुलकी लागेल. लागू द्या, पण ध्यान सोडू नका. एकदा सुटलं की परत धरायला मला चार महिने लागले. रात्रीचं आत्मपरीक्षण मी फेरीनंतर व्हरांड्यात बसून करायचो, कारण खोलीत खाट दिसली की देव दिसत नाही.

५. पाड्यावर जाणं

हे काम शिकवून येत नाही, पण चुका तरी सांगतो.

एकटे जाऊ नका. बोर्डिंगच्या एखाद्या मुलाला सुट्टीत घरी सोडायला जा. पहिली भेट त्याच्याच घरी. म्हणजे तुम्ही "मिशनमधून आलेले कोणीतरी" नसता, "आमच्या पोराचे ब्रदर" असता. फरक मोठा आहे.

वेळ : सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवेलागणीच्या सुमाराला. लावणीच्या दिवसांत तर घरी जाऊच नका, शेताच्या बांधावर जा. पँट वर करून चिखलात उतरलात तर उत्तम. माझ्या हातची रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती आणि पाडाभर ते बघायला आला होता. पण त्या दिवसापासून लोक मला हाक मारून थांबवायला लागले.

दारात पोचल्यावर "जय ख्रिस्त" म्हणू नका, आपल्या वसईची सवय वसईत. राम राम म्हणा, तरुण मुलं जोहार म्हणतात. ब्रदरनं राम राम म्हटलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

चहा येईल तो कोरा येईल. पाड्यावर दूध विकत आणायला लागतं. पहिल्या घरी मी विचारलं, "दूध नाही घालत का तुम्ही?" चौकशी म्हणून विचारलं, दुसरं काही नाही. घरातली बाई काही बोलली नाही, तिनं मुलाला हळूच काहीतरी सांगितलं, आणि मुलगा पळत गेला. अर्ध्या तासानं तो भिजून चिंब होऊन परत आला, हातात दहा रुपयांची दूध पावडरची पुडी. येऊन-जाऊन दोन किलोमीटर. ती पुडी त्या बाईनं माझ्या एकट्याच्या कपात ओतली. बाकी सगळ्यांचा चहा काळा. तेव्हापासून मी कोराच पितो, इथं पुण्यातसुद्धा.

बसायला सांगतील तिथं बसा. पाहुण्याला खाट देतात आणि स्वतः खाली बसतात. मला अवघडल्यासारखं व्हायचं म्हणून मी खाली बसायला बघायचो, त्यावर एक म्हातारा वैतागून म्हणाला, "खाट वाईट हाय का आमची?" बसावं गप खाटेवर.

खळ्यात झोडणी चालली असेल तर चपला बाहेर काढा. धान्य ही कणसरी आहे, वारल्यांची देवी. मला एका आजीनं हाताला धरून बाहेर काढलं आणि मग कारण सांगितलं.

मोहाची दारू किंवा ताडी समोर आली तर "मी पीत नाही" एवढंच, हसून. व्यसनमुक्तीचं भाषण नको. लग्नात तर नकोच. वारल्यांचं लग्न परंपरेनं धवलेरी लावते, गाणी गाणारी बाई, आणि भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाचा चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. ते काम चाललेलं असताना मोबाइल बाहेर काढू नका. नंतर विचारून एक फोटो घ्या, आणि प्रिंट काढून त्यांना द्या. द्याच.

मुलांचे फोटो मात्र अजिबात नको. १९९२-९३ च्या सुमाराला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या, कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हापासून या भागानं हडकुळ्या पोरांवर रोखलेले कॅमेरे पुष्कळ बघितलेत. त्या रांगेत आपण उभं राहू नये.

आणि वही. घरात बसून वही काढलीत की तुम्ही सर्वेवाले झालात. मग उत्तरंही सर्वेची मिळतात : मुलं शाळेत जातात, सगळं बरं आहे. नावं, नाती, आजार, जे काही लिहायचं ते परतल्यावर लिहा.

६. भाषा : तुमची मराठी इथं परकी आहे

बोर्डिंगची मुलं तुमच्याशी शाळेची मराठी बोलतात आणि आपापसात वारली किंवा कोकणी. (ही कोकणी म्हणजे कोकणा लोकांची बोली, गोव्याची समजून मोठ्यानं "देव बरें करूं" म्हणणारा मीच.) वर्गात सगळी मान हलवतात. मान हलवणं म्हणजे समजलं असं नाही, "तुम्ही पुढं जा" असं.

मी पहिल्या चाचणीत शब्दांची उदाहरणं घातली. गाडी ताशी साठ किलोमीटर वेगानं वगैरे. वर्ग सपाट. मग तीच गणितं नागलीच्या पायलीत, कोंबड्यांत आणि जीपच्या भाड्यात घातली. जीपच्या भाड्याचं गणित तर त्यांनी माझ्याआधी सोडवलं आणि वर सांगितलं, "ब्रदर, दहा माणसं नाय, सोळा बसतात."

एक वही फक्त शब्दांची ठेवा. रोज तीन शब्द मुलांकडून शिकायचे आणि संध्याकाळी वापरायचे. मुलं हसतील. हसू द्या. वसईत शाळेत आपली कादोडी बोली तोंडातून निघाली की इतर मुलं कशी हसायची, ते आठवत असेल तर या मुलांना त्यांच्या बोलीबद्दल कधी टोकणार नाही.

घाई करू नका. आपल्याच संघाचे थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथल्याच साष्टीत राहिले. त्यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापून झालं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं मोजा. आपल्याला तर ओव्या लिहायच्या नाहीत, घरी कोण आजारी आहे एवढंच विचारायचंय.

७. वर्षाचं गणित : ही चूक मी केली

नोव्हेंबर उलटता उलटता मी पालकसभा ठेवली. सुपिरिअर म्हणाले, "बघ बाबा." त्यांच्या "बघ बाबा"चा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. मुलांकडून चिठ्ठ्या पाठवल्या, चाळीस खुर्च्या मांडल्या, मावशींनी पोह्यांची तयारी केली. आले तीन म्हातारे आणि एक लहान बहीण, जी भावाला भेटायला आली होती. मी रागावून पाड्यावर गेलो. ओळीनं घरं बंद. कुडाच्या दाराला दोरी बांधलेली, कोंबड्याही नाहीत.

दिवाळी झाली, भात घरात आलं, की इथली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको आणि बरोबर लहान पोरं निघतात. भिवंडी, वसई, पनवेल, काही गुजरातकडं. होळीला गावी येतात, काही तेवढ्यापुरते, काही कायमचे. शिमगा इथला मोठा सण असण्याचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं : तेव्हा सगळे घरी असतात.

नाताळनंतर चार दिवस घरी वसईला गेलो होतो. एका मुलाच्या बापानं जाताना भट्टीचं गाव सांगितलं होतं. ते माझ्या घरापासून मोटरसायकलवर पाऊण तास, वसई पूर्वेला. लहानपणी त्याच रस्त्यानं आम्ही मॅच खेळायला जायचो. भट्ट्यांचा धूर दिसायचा, विटा थापणारी माणसं दिसायची. ती कुठली, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या घराच्या विटाही तिथल्याच. झोपडीत वाकून गेलो तर त्या मुलाची आई ओळखून म्हणाली, "ब्रदर, पोरगा जेवतो ना?" त्या एका भट्टीवर आमच्या बोर्डिंगच्या पाच मुलांचे आईबाप निघाले. पालकसभा तिथंच झाली, कच्च्या विटांच्या रांगेवर बसून, कोऱ्या चहावर.

तेव्हा कॅलेंडर असं लावा. जून-जुलै : चिखलणी, लावणी, मुलं बोर्डिंगमधून घरी पळतात ती आईला हातभार लावायला, त्यांना पळपुटे म्हणू नका. ऑगस्ट-सप्टेंबर : घरातलं धान्य संपत आलेलं, आजार जास्त, भेटी द्या, पण जेवायला थांबू नका. वाघबारस ते दिवाळी : सगळे घरी, कापणी-झोडणी, तारपा वाजतो, पालकसभा, दाखले, सह्या सगळं याच दिवसांत उरका. दिवाळीनंतर होळीपर्यंत : पाड्यावर म्हातारी माणसं असतात, त्यांच्याकडं जा, आणि शनिवार-रविवार भट्ट्यांवर. एप्रिल-मे : राब भाजणं (पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन तयार करणं), लग्नं, पाण्याची टंचाई.

दाखल्यांवरून आठवलं. बऱ्याच मुलांची जन्मतारीख १ जून असते. ती शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींनी दिलेली. तुम्ही "चूक" म्हणून बदलायला जाऊ नका. आधार, शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला तिन्ही जुळणं जास्त महत्त्वाचं. नावाचं एक अक्षर वेगळं असलं तरी पुढं शिष्यवृत्ती अडकते. दहावीच्या मुलांचे जातीचे दाखले नववीतच बघून घ्या. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय जव्हारला आहे, तिथं एकदा जाऊन कुठलं काम कुठल्या टेबलावर होतं ते पाहून या.

८. तब्येत

पहिल्या पावसाळ्यात ताप येणारच. हिवतापाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. अंगावर काढू नका, आणि बोर्डिंगच्या कपाटातल्या गोळ्या अंदाजानं खाऊ नका. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो.

साप. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार, चारही या बाजूला आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा पुष्कळदा कळतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून खाट, म्हणून मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मुलांनाही शक्य तिथं खाटा मिळवून द्या. चावलंच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा, आणि गाडी आधी मिळाली तर तीच घ्या. प्रतिविष ज्या दवाखान्यात आहे तिथंच जा. कुठं आहे ते पावसाळ्याआधी विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

भगताशी (गावच्या मांत्रिकाशी) भांडू नका. एका रात्री मुलाचे वडील म्हणाले, आधी भगत. वाद घालण्यात दहा मिनिटं गेली. मग आमच्या ड्रायव्हरदादांनी भगतालाच जीपमध्ये बसवलं. तो मागं मंत्र म्हणत होता, दादा घाट उतरत होते. मुलगा वाचला. श्रेय कुणाचं, यावर अजून दोन मतं आहेत आणि मी त्यात पडत नाही.

विंचवाचंही तसंच, दवाखाना गाठा. आपल्या कोकणातल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, त्यामुळं एके काळी दगावली असती अशी पुष्कळ मुलं आज वाचतात.

९. धर्म, कायदा आणि अफवा

यावर घुमवून-फिरवून बोलण्यात अर्थ नाही. बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारणार, "किती जणांना बाटवलं?" चिडू नका. आणि उत्तर देताना आपल्या मनात काय आहे ते आधी स्वतःला विचारा.

घटनेचं २५ वं कलम श्रद्धेचं आणि धर्म सांगण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लाउस खटल्यात म्हटलं, की धर्म सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. २८ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. हे तीन मुद्दे पाठ असू द्या. प्रत्यक्षात याचा अर्थ : प्रवेश, औषध, धान्य, पाण्याची टाकी, यांतल्या कशालाही देवाची अट जोडायची नाही, चेष्टेतही नाही. "येशूनं बरं केलं बघ" असं गोळी देताना म्हणणारा एक स्वयंसेवक आमच्याकडं होता. मनानं चांगला होता, पण ते वाक्य तीन गावं फिरलं आणि आमचं वर्ष खराब गेलं.

जमिनीच्या बोलण्यात तर पडूच नका. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं जायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि वनपट्ट्यांचे वाद वेगळेच.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत सवलत नाही. दार बंद करून एकट्या मुलाबरोबर बसायचं नाही, रात्रीची फेरी दोघांनी मारायची, कुणाला मारायचं नाही. कुठल्या मुलानं काही सांगितलं तर स्वतः चौकशी करत बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. सुपिरिअरांना सांगा आणि पोलिसांना कळवलं गेलं याची खात्री करा. ते टाळताहेत असं वाटलं तर तुम्ही स्वतः कळवा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, मुलांना दिसेल असा लावा.

१०. पैसे

थोडक्यात : सुट्टे बाळगा, हिशेब रोज लिहा, महिन्याअखेरीला घरचा कारभार बघणाऱ्या मिनिस्टरना द्या. कुणी उसने मागितले तर स्वतःच्या खिशातून देऊ नका, सुपिरिअरांकडं घेऊन जा. मी एकाला पाचशे दिले. ते बुडाले नाहीत, पण तो लाजून माझ्या समोर यायचाच बंद झाला. पाचशे रुपयांत एक ओळखीचं घर गेलं.

११. रविवारची संध्याकाळ

सोमवार ते शनिवार दम खायला वेळ नसतो. रविवारी दुपारी मुलं कपडे धुवायला ओढ्यावर जातात आणि घर एकदम मोकळं होतं. तेव्हा घरचं इंद्याल (आमच्याकडचं मसालेदार मांसाचं कालवण) आठवतं, बँडचा आवाज आठवतो, बरोबरचे कोण कुठं आहेत त्याचे फोटो बघितले जातात. पहिल्या सहा महिन्यांत दोनदा मी प्रोव्हिन्शियलांना पत्र लिहून फाडलं.

उपाय म्हणून सांगत नाही, मी काय केलं ते सांगतो. रविवारी दुपारी मावशींबरोबर रानभाजी आणायला जायला लागलो. शेवळं मला घरापासून माहीत होती, पण ती खाजू नयेत म्हणून बरोबर काकडाची फळं घालतात हे फक्त खाण्यापुरतं माहीत होतं. कुठं उगवतात, किती खुडायची, किती ठेवायची, हे तिथं कळलं. आणि महिन्यातून एकदा शेजारच्या मिशनमधल्या ब्रदरकडं जायचं, काही काम नसताना. दोघांनी मिळून सुपिरिअरांबद्दल तक्रार करायची आणि परत यायचं.

१२. निघताना : पुढच्यासाठी वही

मी गेलो तेव्हा आधीच्या ब्रदरनं फक्त हजेरीपट ठेवला होता. तुम्ही वही ठेवा. भाषण नको, कामाचं लिहा : कुठल्या मुलाचा दाखला कुठं अडकलाय, कुणाचे आईबाप कुठल्या भट्टीवर जातात, कुठल्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत, कुणाला पाय दुखतो म्हणून सभेला येता येत नाही, प्रतिविष कुठं मिळतं, कंडक्टरचं नाव.

माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं : "मोटरची चावी ऑफिसच्या दारामागं खिळ्याला. लाइट आली की आधी मुलांची टाकी, मग आपली. वरच्या पाड्यावर चहा कोरा येतो. दूध विचारू नये."